धूम कुठं गेली?

मुलांनो, मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक असं काम केलं, की ते ऐकून आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाई म्हणाल्या, "काय गं, वरातीत नाचायला जायचंय का?" मी आमच्या घरच्या मोटारीचा सबवूफर बदलला! एकटीनं नाही हं. माझा धाकटा भाऊ होता आणि माझा एक जुना विद्यार्थी होता. आणि बदलला तोही असा, की गाडीत बसणाऱ्याला काही बदललंय हे दिसूच नये.

सबवूफर म्हणजे काय ते तुमच्यापैकी निम्म्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. तरी सांगते. गाण्यातले सर्वांत खालचे, जाड सूर काढणारा स्पीकर. आपल्या कानांना साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. त्यातल्या तळाच्या पंगतीतले, म्हणजे २० पासून ८०-१०० हर्ट्झपर्यंतचे आवाज या एका स्पीकरच्या वाटणीला येतात. डीजेच्या भिंतीतून छातीवर धपाधप आदळतात ना, तेच हे. आता अशा आवाजाशी एका प्राथमिक शिक्षिकेचा काय संबंध?

संबंध आमच्या आबांमुळे आला. आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव फलटणजवळ. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते, तेव्हा आमच्या गावची भजनी मंडळी दिंडीत असायची आणि पखवाज आबांच्या गळ्यात. पन्नासएक वर्षं त्यांनी वाजवला. २०२२ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं महिन्याभरात सुधारलं, चालणं थोडं सुधारलं, पण डावा हात काही हलला नाही. तेव्हापासून दर आठवड्याला भाऊ त्यांना गाडीत घालून साताऱ्याला व्यायामाच्या डॉक्टरांकडे नेतो. जाऊन-येऊन तीन तास तरी होतात. सुट्टी असली की मीही जाते.

वाटेत ऐकायला म्हणून भावानं २०१६ च्या सप्ताहातलं भजन पेनड्राइव्हवर घेतलं. मंडपवाल्या पोरानं ते थेट मिक्सरमधून उतरवून घेतलेलं होतं, त्यामुळे स्वच्छ होतं. पखवाजावर अर्थात आबा. आम्हांला वाटलं, खूश होतील. आबांनी दोन अभंग ऐकले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उजवाच वाजतोय. धूम कुठं गेली?"

पखवाज तुम्ही पाहिला असेल. त्याच्या उजव्या तोंडावर काळी शाई असते, ते टणक, उंच आवाज देतं. डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात. कणकेच्या वजनानं कातडं जड होतं, सावकाश हलतं आणि आवाज खोल जातो. त्या डाव्या बाजूला आमच्याकडे धूम म्हणतात. (आपल्या सी. व्ही. रामन यांनी या वाद्यांचा अभ्यास केला होता, बरं का! कातड्यावर शाईचं ओझं ठेवल्यामुळे तबला-मृदंगाचे नाद कसे सुरात येतात यावर त्यांचा १९३४ सालचा लेख आहे. प्रकाशावरचं नोबेल १९३० मध्ये मिळालं, तरी ढोलाकडे लक्ष होतंच.)

गाडीत ही धूमच ऐकू येत नव्हती. आणि आबांचा डावा हात तर मांडीवर पडून असायचा. आम्ही दोघं भावंडं समोरच्या रस्त्याकडे बघत राहिलो. पुढच्या खेपेपासून आबाच म्हणायला लागले, "ते लावू नका, गप बसू."

घरी आल्यावर मी तेच भजन चांगल्या मोठ्या हेडफोनवर ऐकलं. धूम होती! स्वच्छ, गोल. म्हणजे ध्वनिमुद्रण नीट होतं, घोटाळा गाडीच्या स्पीकरांत होता. मग आबांना हेडफोनच द्यायचे की! पण आबांना ते 'कानाला डबे' आवडत नाहीत. भाऊ म्हणाला, "ताई, बास वाढवू." त्यानं वाढवला, तर डिकीतून कोंबडी फडफडल्यासारखा आवाज यायला लागला. फर्र, फर्र.

तेव्हा मला माझा जुना विद्यार्थी आठवला. मी डी.एड. होऊन शाळेत लागले, त्या पहिल्या वर्षीच्या चौथीतला. आता तालुक्याला गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात काम करतो. भागाकाराशी त्याचं कधी जमलं नाही, पण तुटलेले रेडिओ खोलायला पहिला. त्यानं डिकीच्या डाव्या भिंतीचं अस्तर सोडवलं आणि आतला सबवूफर काढून माझ्या हातात दिला. "बाई, बघा, हलका केवढा!" सहा इंची, पातळ कागदाचा पडदा, मागं छोटंसं चुंबक आणि चपट्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलेला. नुसता डबा बोटानं दाबला तरी लवत होता.

आता इथं थोडं शास्त्र आहे. जरा सावकाश वाचा.

स्पीकरचा पडदा पुढं जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एका पडद्यातून दोन आवाज निघतात, पुढचा आणि मागचा, एकमेकांच्या बरोबर उलटे. दोन्ही एकत्र आले की एक दुसऱ्याला खाऊन टाकतो. उंच आवाजांचं फारसं बिघडत नाही, कारण त्यांच्या लाटा आखूड असतात. खालचे सूर मात्र पडद्याला सहज वळसा घालतात आणि जागच्या जागी नाहीसे होतात.

हे मी चौथीच्या वर्गात करून दाखवलं. तुम्हीही करा. एका बिघडलेल्या रेडिओचा सुटा स्पीकर घेतला आणि छोट्या अॅम्प्लिफायरला जोडला. गाणं लावलं. आवाज कसा? चिलटासारखा! मग बिस्किटांच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेतला, मधोमध स्पीकरच्या मापाचं भोक पाडलं आणि स्पीकर त्या भोकावर दाबून धरला. मुलं ओरडलीच, "बाई, मोठा झाला!" मोठा नव्हता झाला. आत्तापर्यंत हरवत होता तो जाड भाग परत आला होता. पुठ्ठ्यानं पुढची आणि मागची हवा वेगळी केली, एवढंच. एका मुलानं पुठ्ठा हळूच बाजूला केला की आवाज पुन्हा चिलटाचा. तो तास संपला तरी त्यांना पुठ्ठा सोडवेना.

म्हणून सबवूफरला बंद पेटी लागते. पण पेटीतली हवा कोंडलेली असते. पडदा आत आला की ती त्याला ढकलते, बाहेर गेला की ओढते. म्हणजे हवेची स्प्रिंगच! पेटी फार लहान असेल तर ही स्प्रिंग फार ताठ होते आणि पडद्याला खालच्या सुरावर मोकळं झुलू देत नाही. या स्प्रिंगचा शहाणपणानं उपयोग अमेरिकेतल्या एडगर विलचर यांनी केला. मुद्दाम सैल बसवलेला पडदा आणि त्याला सावरायला पेटीतली हवा. १९५४ सालच्या त्यांच्या त्या स्पीकरनंतर खोल आवाजासाठी कपाटाएवढी पेटी लागते हा समज मागे पडला. विलचर यांनी तसं केलं नसतं, तर मोटारीच्या अस्तरामागं काही लपवण्याचा विचारच आम्हांला करता आला नसता.

आणखी एक गोष्ट. सूर निम्म्यावर आणला आणि जोर तेवढाच हवा असला, तर पडद्याला चौपट अंतर पुढं-मागं व्हावं लागतं. ८० हर्ट्झला एक मिलिमीटर पुरत असेल तर ४० हर्ट्झला चार. तो बिचारा सहा इंची पातळ पडदा कुठून हलणार एवढा? भावानं बास वाढवला तेव्हा तो आपल्या टोकाला जाऊन धडकत होता. कोंबडी ती हीच.

आता दुकानात तयार पेट्या मिळतात. बारा इंची, निळे दिवे लुकलुकणाऱ्या. दुकानमालकांनी तीच पुढं केली. पण आमच्या डिकीत आबांची घडीची चाकांची खुर्ची असते आणि ती राहिलीच पाहिजे. शिवाय भावाची अट होती, गाडीच्या आतलं रूप बदलता कामा नये, मूळची एकही वायर कापायची नाही आणि उद्या गाडी विकायची झाली तर सगळं होतं तसं परत बसवता आलं पाहिजे. आईची अट वेगळीच. "माझ्या गाडीत डीजे नको. गणपतीत पुरे होतो तेवढा."

लपवायला खालचे सूर मात्र फार सोयीचे! कसं ते सांगते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ५० हर्ट्झच्या सुराची एक लाट म्हणजे ३४३ भागिले ५०, जवळजवळ सात मीटर लांब. आमच्या वर्गाच्या खोलीपेक्षा लांब! एवढ्या लांब लाटेला जाळी, कापड, सीटची पाठ यांचं काहीच वाटत नाही. ती वळसा घालून पुढं जाते. आणि आपल्या दोन कानांमध्ये अंतर केवढं? वीतभर. सात मीटरच्या लाटेत वीतभर अंतरानं काय फरक पडणार? दोन्ही कानांना जवळपास सारखंच ऐकू येतं, म्हणून आवाज कुठून आला हे मेंदूला सांगताच येत नाही. चिमणी कुठं ओरडली ते आपण डोळे मिटून दाखवतो, पण लांबचा ढोल कुठल्या आळीत वाजतोय यावर वाद होतात ते याचसाठी. तेव्हा सबवूफर डिकीत असला तरी नीट जुळवला तर पखवाज पुढंच वाजल्यासारखा वाटतो.

त्या मुलानं डिकीच्या पोकळीत हात घालून मापं घेतली आणि म्हणाला, "आठ इंची, कमी खोलीचा बसेल. पेटी फायबरची करू, जागेच्या आकाराची." सहाऐवजी आठ इंच म्हणजे दोनच इंच वाढले असं वाटतं ना? पण हवा ढकलतं ते क्षेत्रफळ. आठचा वर्ग ६४, सहाचा वर्ग ३६. पावणेदोनपटीहून थोडं जास्तच! हे गणित त्यानंच मला सांगितलं. चौथीत त्याला वर्ग येत नव्हते.

फायबरची पेटी आम्ही आमच्या परसात केली. गाडीच्या पत्र्याला आधी चिकटपट्टी, त्यावर अॅल्युमिनियमचा कागद, त्यावर मेण. मग काचतंतूंच्या चटईचे तुकडे आणि त्यांवर ब्रशनं रेझिन. गणपतीच्या कारखान्यात किंवा पाण्याच्या टाक्या करतात तिथं हा वास तुम्ही घेतला असेल. डोकं भणाणतं. म्हणून उघड्यावर, हातमोजे आणि नाकाला चांगला मुखवटा लावूनच. काचतंतू कातडीत घुसले तर दोन दिवस खाजतं. गल्लीतली पोरं बघायला जमली होती, त्यांना मी कुंपणाच्या बाहेर उभं केलं. एक थर वाळला की दुसरा, असे तीन-चार थर झाले आणि कवच निघालं. अगदी गाडीच्या पोकळीचा ठसा! एका बाजूला फुगीर, एका बाजूला चाकाच्या कमानीची खोबण. तिच्या तोंडाला जाड प्लायवूडची कडी बसवली, स्पीकर आवळायला.

आता या वेड्यावाकड्या भांड्याचं घनफळ कसं काढायचं? लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची इथं चालत नाही. मी म्हटलं, ज्वारी भरून मोजू. आईनं कोठाराच्या दारातच हात आडवा केला. "त्या वासाच्या डब्यात माझी ज्वारी? मुळीच नाही." शेवटी कोंबड्यांसाठी ठेवलेली कीड लागलेली बाजरी मिळाली. दुधाचं एक लिटरचं माप घेऊन मी ओतत गेले, भाऊ मोजत गेला. पंधरा मापं आणि वर थोडी. स्पीकरचं चुंबक आत लिटरभर जागा खातं. राहिले चौदा लिटर. स्पीकरच्या कागदावर बारा ते सोळा लिटर लिहिलं होतं. जमलं! मग बाजरी काढून, पेटी पुसून आत जुन्या उशीतला पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरला. कापसानं पेटी स्पीकरला आहे त्याहून थोडी मोठी 'वाटते', हे खरं आहे, गंमत नाही.

वायरिंगचं काम मोठ्या माणसांचंच, म्हणून ते थोडक्यात सांगते, पण त्यातलं एक तुम्ही लक्षात ठेवा. अॅम्प्लिफायर २५० वॅटचा घेतला. (खोक्यावर मोठ्या अक्षरांत हजार वॅट छापलेलं असतं, त्याकडे बघू नका. आतल्या कागदावर 'आरएमएस'पुढं जो आकडा असतो तो खरा.) अॅम्प्लिफायर स्वतःही थोडी वीज उष्णतेत घालवतो, म्हणून त्याला साधारण ३१० वॅट लागणार. बारा व्होल्टनं भागा. सव्वीस अँपिअर! घरातल्या पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. एवढ्या प्रवाहाला तांब्याची जाड वायर हवी आणि बॅटरीपासून हातभराच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज हवाच. कारण गाडीचा सगळा पत्रा हा बॅटरीचं दुसरं टोक असतो. वायर कुठंतरी घासून पत्र्याला लागली आणि फ्यूज नसला तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि गाडी पेटते. फ्यूज अॅम्प्लिफायरजवळ लावून भागत नाही, कारण मधली सगळी वायर उघडीच राहते. तो मुलगा हे सगळं न सांगता करत होता. आधी दहा नंबरच्या पान्यानं बॅटरीची वजा बाजू सोडली, पत्र्यातल्या भोकात रबरी कडी घातली, विजेची वायर गाडीच्या एका बाजूनं आणि आवाजाची दुसऱ्या बाजूनं नेली, नाहीतर इंजिनाची शीळ स्पीकरमधून ऐकू येते. अॅम्प्लिफायर पुढच्या डाव्या सीटखाली गेला. तिथं एक पिवळा प्लग होता. भाऊ हात लावणार तोच तो म्हणाला, "पिवळ्याला नाही, दादा. एअरबॅगचा असतो." मला फार बरं वाटलं.

मूळ सबवूफरच्या प्लगात बसेल असा जोड-प्लग त्यानं आणला होता, त्यामुळे कंपनीची एकही वायर तोडावी लागली नाही. जुना सबवूफर मी धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. अस्तर परत लावलं, त्याच्या मूळच्या फटींमागं काळं कापड ताणलं आणि डिकीत खुर्ची ठेवून बघितली. पहिल्यासारखीच बसली. शेजारचे काका येऊन सगळीकडे वाकून बघून गेले आणि म्हणाले, "मग केलं काय तुम्ही?"

यानंतरचं काम मला सर्वांत आवडलं. फोनवरून १०० हर्ट्झपासून २० पर्यंत सावकाश उतरत जाणारा एकच सूर लावायचा आणि गाडीत काय काय थरथरतं ते शोधायचं. प्रत्येक वस्तूचा आपला एक लाडका सूर असतो. ६० च्या आसपास मागच्या नंबरप्लेटनं टाळ धरले. थोडं खाली उतरल्यावर डिकीच्या झाकणाचा पत्रा. त्याला आतून डांबरासारखी जड चिकट पट्टी लावली की तो शांत झाला. (शाळा सुरू झाली तरी माझ्या नखांतून ती काळी पट्टी निघत नव्हती.) मग एक आवाज काही केल्या सापडेना. बारीक, कचकच. मी डिकीत खुर्चीच्या जागी अंग चोरून बसले, भावानं झाकण लावलं आणि मी हातानं एकेक जागा दाबत गेले. निघाली काय, तर आबांची तपकिरीची डबी! सीटच्या खाचेत कधी पडली होती कोण जाणे.

आता आवाज किती ठेवायचा? इथं मला माझ्या वर्गातली मुलं डोळ्यांपुढं दिसत होती. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हाक मारली तर "काय बाई?" असं दोनदा विचारणारी. कानात शंखाच्या आकाराचा एक अवयव असतो, त्यात अगदी बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मोडतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत ठीक धरतात. ८८ झाला की चारच तास. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. १०० डेसिबलला पाव तास. यापुढचा हिशेब तुम्हीच करा आणि मिरवणुकीत भिंतीपासून किती लांब उभं राहायचं ते ठरवा. आपल्या देशात २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळा आणि दवाखान्यांभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात त्याहून पाच-पाच कमी. हे नियम कागदावर फार छान आहेत.

कमी आवाजात खालचे सूर जास्तच हरवतात, हीही एक अडचण. आपले कान तळच्या सुरांना मुळातच जरा बहिरे आहेत. फ्लेचर आणि मन्सन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९३३ साली ते मोजून दाखवलं. म्हणजे आबांना सावकाश आवाजात भजन ऐकायचं तर धुमेला थोडा हात द्यायलाच हवा. पण किती? ते ठरवायला यंत्र नको होतं. आबा होते.

रविवारी संध्याकाळी त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. काय केलंय ते सांगितलंच नाही. भजन लावलं. पहिलाच ठेका पडला आणि आबांनी मान वळवून मागं बघितलं, मग पुन्हा पुढं. थोड्या वेळानं म्हणाले, "जास्त झालीय. एवढी धूम वाजवायला मी काय लग्नात बसलोय?" त्या मुलानं सीटखालचा खटका किंचित फिरवला. "अजून." पुन्हा फिरवला. मग एक बटण असतं, पडदा आधी पुढं जायचा की मागं ते ठरवणारं. ते दोन्हीकडे करून विचारलं. एका बाजूला धूम दरवाजांतल्या स्पीकरांशी भांडत होती, दुसऱ्या बाजूला त्यांना मिळत होती. आबांनी क्षणात सांगितलं, "ही." त्या मुलानं मापक लावून बघितलं, तर ही म्हणजेच बरोबर. फोनच्या मापकावर सगळं मिळून आवाज सत्तरच्या आसपास होता. फोनचा मापक काही फार विश्वासाचा नाही, पण आई मागच्या सीटवर बसून आमच्याशी साध्या आवाजात बोलत होती, ते माप मला पुरलं.

चौथ्या अभंगाला आबा म्हणाले, "त्या दिवशी कणीक जरा जास्त लागली होती. बघ, जड पडतंय." नऊ वर्षांपूर्वीच्या कणकेबद्दल! मग त्यांनी उजव्या हातानं आपला डावा हात उचलला, गुडघ्यावर नीट पालथा ठेवला आणि उजव्या बोटांनी त्याच्याच पाठीवर धुमेचे बोल वाजवायला लागले. धा, धा, दिं, ता. भाऊ खाली उतरून उगाच टायर बघत होता.

आता साताऱ्याला जाताना भजन लावायचं आम्हांला सांगावं लागत नाही. पेनड्राइव्ह त्यांच्याच खिशात असतो. डॉक्टरांनी डाव्या हाताचे व्यायाम वाढवून दिलेत, त्यांतला एक बोटं टेबलावर टेकवून उचलायचा आहे, तो ते गाडीतच तालावर करायचा प्रयत्न करतात. कधी जमतो, बऱ्याचदा नाही. दुकानमालकांनी एकूण एकवीस हजार घेतले. माझ्या वेतनफरकाचा हप्ता त्यातच गेला. त्या मुलानं स्वतःची मजुरी घेतली नाही. त्याऐवजी त्याच्या धाकट्या बहिणीला सुट्टीत गणित शिकवायचं कबूल करून घेतलं.

नंबरप्लेट मात्र अजून एका अभंगाला, आणि त्याच एका ओळीला, टाळ धरते. फेल्टची पट्टी लावून झाली, स्क्रू आवळून झाले. भाऊ या रविवारी जाड रबराचे वायसर आणणार आहे. आबा म्हणतात, "राहू दे रे. टाळकरी तेवढाच राहिला होता."